लाल हाताची माणसं

पहिला लाल पंजा उमटला तेव्हा मांडवातल्या बायका किंचाळल्या. दुसरा उमटला तेव्हा कुणी किंचाळलं नाही. लोक फक्त त्या माणसापासून दोन पावलं मागे सरकले. मला त्या किंचाळण्यापेक्षा त्या मागे सरकण्याची जास्त भीती वाटली.

ही गोष्ट नवापूरच्या पलीकडच्या खारआळीची. समुद्राला चिकटून असलेली मच्छीमारांची लहानशी वस्ती. दिवाळी सरली की इथे किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत लटकतात. त्या संध्याकाळी मात्र दोन वलांड्या उपटून तिथे मांडव घातला होता. मी बोईसरला दवाखाना चालवते. खारआळीत गेले होते ती निव्वळ पापलेटाच्या लोभाने, पण मासळी विकायला एकही बाई जागेवर नव्हती. सगळी आळी मांडवात, म्हणून मीही डोकावले.

आत एका लाकडी फळीवर हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पिवळंधम्मक धोतर ताणून बसवलं होतं. शेजारी उंच आसनावर आरसेबाबा. गोरेगुबगुबीत, दाढी नीट कातरलेली, आवाज मधात बुडवून काढलेला. आधी सरावलीच्या कामगार चाळींत त्यांनी जम बसवला होता, आता किनाऱ्यावर उतरले होते.

"बाळांनो, मला पैसा नको," बाबा ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. "फूल नको, नारळ नको. मला फक्त तुमचं पाप द्या! मी कोण? मी नुसता आरसा!"

इतकं स्वस्त मागणं कुणाला नको वाटेल?

"समुद्र का रुसला? जाळी रिकामी का येतात? मोठ्या बोटी आल्या, पाणी नासलं, ही सगळी बाहेरची कारणं! आतलं कारण शोधा. तो पापी तुमच्यातच बसलाय. कपाळाला भस्म लावून बसलाय!"

मासळी का घटली हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मोठ्या बोटवाल्याला जाब विचारायचा तर खोल समुद्रात जावं लागतं. शेजारणीला जाब विचारायला नुसती मान वळवली की झालं. मांडवात मानाच माना वळत होत्या.

परीक्षेचे नियम सोपे होते. आदल्या दिवशी घरोघरी भस्माची पुडी पोचली होती. पहाटे ते भस्म पाण्यात कालवून कपाळाला आणि दोन्ही तळहातांना चोळायचं, वाळलं की झटकून टाकायचं. मग संध्याकाळच्या सभेपर्यंत कडक उपास, आणि हाताला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. तहान लागली तर दुसऱ्यानं तोंडात पाणी ओतायचं. मग मांडवात येऊन उजवा तळहात त्या ओल्या पिवळ्या कापडावर दाबायचा. कापड पिवळंच राहिलं तर माणूस शुद्ध. लाल पंजा उमटला तर त्याच्या हातून पाप घडलेलं आहे.

पन्नासेक माणसं शुद्ध निघाली. त्यांत आळीचे पुढारी तात्या होते, काटा मारून बर्फ विकणारा होता, आणि सुनेला सकाळ-संध्याकाळ बदडणारी एक सासूही होती. ती तर पिवळं कापड बघून रडलीच, आनंदानं.

लाल कोण निघाले? म्हातारा देवू, जो दुसऱ्याचं तुटून आलेलं जाळं दोन गावं हिंडून मालकाला परत करतो. सुजित, ज्याला आळीत 'सरळसोट' म्हणून चिडवतात. असेच आणखी तीन-चार. आणि शेवटी जयवंती.

जयवंती माझी मासळीवाली. बोईसरच्या बाजारात बसते. तिच्याइतकी बिनडोक धंदेवाली मी पाहिली नाही. गिऱ्हाईकानं मासळीला हात लावायच्या आधी ही स्वतःच सांगणार, "ही कालची हाय बाय. तळायची तर ने, कालवणाला नको." शेजारच्या बायका कपाळावर हात मारतात. ती म्हणते, "जिभेनं खोटा बोलली तर हाताला कसा कळल काय खरा नि काय खोटा?"

त्या जयवंतीनं फळीवर हात दाबला आणि उचलला. खाली पाच बोटांसकट लालभडक पंजा होता, त्या संध्याकाळचा सगळ्यात लाल. तिनं आधी कापडाकडे पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे, आणि मग हळूच मान हलवली. जणू कुणीतरी तिला बऱ्याच दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट सांगितली होती.

लोक मागे सरकले. सर्वांत आधी सरकले तात्या, तिचे सख्खे थोरले दीर.

मी पापलेट न घेताच परतले. हा सारा हातचलाखीचा खेळ आहे हे मला दिसत होतं, पण चलाखी नेमकी कुठे आहे ते कळेना. एक गोष्ट मात्र रस्ताभर डोक्यात टोचत राहिली. ज्यांच्या हाती मी डोळे झाकून घराची किल्ली देईन, नेमके तेवढेच लाल कसे निघाले? बाबाला आळीतली माणसं ठाऊक नव्हती. मग हा ओला फडका सज्जन माणूस ओळखतो तरी कसा?

पुढच्या दिवसांत बातम्या कानावर येत राहिल्या. लाल हाताच्या माणसांनी रोज भस्म चोळायचं आणि दर सभेला पुन्हा पंजा द्यायचा, असा हुकूम सुटला होता. रोज चोळूनही पंजा पिवळा होईना. उलट जास्तच लाल येऊ लागला. बाबा म्हणत, "पाप खोलवर आहे बाळा, वर येतंय!" सुजितनं बोटीवर जाणं सोडलं, कारण त्याच्यासोबत कुणी जाळं ओढेना. देवूनं किनाऱ्यावरची आपली बोंबील वाळवायची जागा बाबांच्या होऊ घातलेल्या आश्रमाला देऊन टाकली. लगेच बाबांनी त्याला सांगितलं, "तुझं व्रत पुरं झालं. आता भस्म नको. समुद्रात स्नान करून थेट इकडे ये." ओलेत्यानं येऊन त्यानं हात ठेवला, आणि कापड पिवळं राहिलं! लोकांनी देवूला खांद्यावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी आणखी दोघांनी आपल्या वलांड्यांची जागा दिली. पैसा न मागणाऱ्या बाबाच्या पायाखाली बघता बघता अख्खा किनारा येत चालला होता.

जयवंतीनं जागा दिली नाही. किंजल, तिची लेक, तिला घेऊन माझ्या दवाखान्यात आली तेव्हा मी आधी तिचे हात पाहिले. तळवे कोरडे ठक्क, चिरा पडलेले, मधूनच रक्त.

"जागा दिली का नाहीस?" मी विचारलं. "देवू सुटला की."

"असा कसा सुटंल, डाक्तरीणबाय?" ती म्हणाली. "पाप केला तर भोगायचा. जागा देऊन फेडला तर तो बाजार झाला. देवाला काय मी कालची मासळी देऊ?"

"आणि पाप तरी कोणतं केलंस तू?"

तिनं तळवे मिटून घेतले. मग सांगू लागली. किंजलचा बाप शेवटचा समुद्रावर गेला त्या पहाटे दोघांचं भांडण झालं होतं. कशावरून, तेही आता तिला नीट आठवत नव्हतं. बोट सुटताना घरची बाई किनाऱ्यावर उभी राहते, हात वर करते, अशी आळीची रीत. रागाच्या भरात ती गेली नाही. त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं म्हणतात. बोट परत आली नाही.

"तो हात वर केला नाय मी," ती म्हणाली. "म्हणून तोच हात लाल येतो."

मी तिला समजावलं, वादळाला कुणाचे हात दिसत नाहीत, हवामानाचा इशारा त्या दिवशी सगळ्यांनीच कानाआड केला होता. ती ऐकत होती, पण केवळ शिष्टाचार म्हणून. मी मलम दिलं. मलम लावायचं तर भस्म धुवावं लागेल, म्हणून तिनं ते लावलंच नाही, हे मला नंतर कळलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी किंजलचा फोन आला. "म्याडम, तुमी घरी येता काय? आईने मासळी कापायचा कोयता मावशीला देऊन टाकला. सकाळपासून मना बसवून सांगते, मीठ कुठे ठेवलाय, बर्फवाल्याशी कसा बोलायचा. उद्या सभा हाय. बाबा बोलले, जयवंतीचा न्याय आता समुद्र करंल. भर भरतीत गळ्याइतक्या पाण्यात जायचा नि आळीसमोर पाप बोलायचा. शुद्ध असंल तर लाट परत आणंल."

अमावास्येची भरती म्हणजे उधाण, भर दुपारचं. त्या पाण्यात पट्टीचे पोहणारे उतरत नाहीत. जयवंती उपासानं अर्धी झाली होती. आणि खरं सांगायचं तर मला लाटेची भीती नव्हती. कोयता देऊन टाकणारी मासळीवाली परत यायच्या बेतानं पाण्यात उतरत नसते. मी दवाखान्याला कुलूप लावलं.

मी पोचले तेव्हा, लाल पंजा उमटल्यापासून पहिल्यांदाच, जयवंती चुलीपाशी होती. स्वतः उपाशी, पण पाहुणीला उपाशी पाठवायचं तिच्या रक्तात नाही. माझं काही न ऐकता तिनं कोलंबीवर हळद-मीठ टाकलं आणि चोळायला हात घातला. दोन-तीन वेळा हात फिरला असेल नसेल, ती एकदम ओरडली आणि हात छातीशी धरून भिंतीला टेकली.

"बघा! बघा डाक्तरीणबाय! मासळीलापण लागला माझा पाप!"

ताटलीतली हळद जिथे जिथे तिची बोटं फिरली तिथे तिथे लाल झाली होती.

मी ताटलीकडे बघत राहिले. किंजलही वाकली. आणि मग ती पोरगी हळूच म्हणाली, "आई, परवा माझ्या पांढऱ्या ओढणीवर वरण सांडलेला. साबण लावला तर डाग असाच लाल झालेला. तू बोललीस, हळदीचा डाग असाच करतो, उन्हात घाल, जाईल."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हळदीला साबण लागला की लाल, सोडा लागला की लाल, चुना लागला की लाल, राख लागली की लाल. कुठल्याही मराठी घरात, कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईनं हे हजारदा पाहिलेलं असतं. मांडवात बसलेल्या साऱ्या बायकांनी पाहिलेलं होतं. पण घरी दिसतो तो डाग आणि मांडवात दिसतं ते पाप! घाबरलेला माणूस आपल्याच डोळ्यांना ओळख देत नाही.

मी भस्माची पुडी मागवली. बशीत चिमूटभर हळद, वर थेंबभर पाणी, त्यावर भस्म. लालभडक. चिमटीत घेतलं तर नुसती राख नव्हती, कपडे धुण्याच्या सोड्याचे दाणे बोटांना लागत होते. जयवंतीचे तळवे का फाटले तेही कळलं.

पण मग सगळेच लाल का नाही झाले? भस्म तर सगळ्यांनाच दिलं होतं.

"किंजल," मी विचारलं, "पहिल्या सभेच्या दिवशी तू उपास केला होतास?"

तिची मान खाली गेली. "नाय. दुपारी जेवली मी. आईला नाय सांगितला. माझा हात पिवळा आला तेव्हा मना वाटला, देवाने सोडला."

"आणि तात्या?"

"तात्या? आई देवळात गेलेली, तेव्हा तो आमच्याच पडवीत जेवला. बोंबलाचा कालवण. दोनदा मागून घेतला."

"आणि जेवायच्या आधी त्यांनी काय केलं?"

किंजलनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. "हात धुतले," ती म्हणाली.

बस्स. एवढंच होतं. कपाळाचं भस्म सगळ्यांनी सांभाळलं, कारण ते चारचौघांना दिसतं. तळहात कोण बघतो! ज्यांनी चोरून जेवण केलं त्यांनी हात धुतले, सोडा निघून गेला, आणि ते शुद्ध ठरले. ज्यांनी खरोखर उपास धरला, ज्यांनी तहानेनं घसा सुकला तरी हाताला पाणी लावलं नाही, फक्त तेच पापी ठरले. हा फडका पापी शोधतच नव्हता. मनापासून मानणारा माणूस शोधत होता. कारण बाबाला तोच हवा होता. लबाडाला पापी म्हटलं तर तो भांडतो. सच्च्या माणसाला म्हटलं तर तो घरी जाऊन स्वतःच्या आत शोधत बसतो, आणि प्रत्येकाच्या आत कुठेतरी एक न उचललेला हात सापडतोच. मग तो रोज भस्म चोळतो. जितका पश्चात्ताप, तितका सोडा. जितका सोडा, तितका लाल.

हे सगळं मी जयवंतीला बशीत दाखवलं, एकदा नाही, तीनदा. ती शांतपणे म्हणाली, "घरात काय पण होईल, डाक्तरीणबाय. उद्या देवासमोर बघू."

मी पोलिसांत तक्रार नोंदवली. माणसं पाठवतो म्हणाले. पण भरती कुणाची वाट बघत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसले. तळहाताला भस्म चोळून.

ऊन चढत होतं. मांडवामागे पाण्याचा आवाज वाढत होता, एकेक लाट आधीच्या लाटेपेक्षा वर येत होती. गर्दी त्या दिवशी वेगळीच होती. आतापर्यंत लोकांना पाप बघायचं होतं. आता त्यांना पापी माणूस बुडताना बघायचा होता. तसं कुणी कबूल केलं नसतं, पण सगळ्यांची तोंडं समुद्राकडे होती. जयवंती बायकांपासून दूर, मांडवाच्या पार टोकाला पांढरं लुगडं नेसून बसली होती. बाजूला किंजल, तिचा पदर मुठीत धरून.

बाबांनी सुरुवात करायच्या आत मी उठले. "महाराज, आधी माझी परीक्षा घ्या. मी शहरातली बाई, माझ्याकडे पाप भरपूर असेल."

थोडं हसू उमटलं. बाबाही गोड हसले. मी हात दाबला. लाल पंजा!

"पाहा!" बाबा गरजले. "औषधं विकणारे हात! बाई, कबूल करा, किती गरिबांना लुबाडलंत?"

"करते ना," मी म्हणाले. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढली, तिथेच सगळ्यांसमोर हात खळखळून धुतले, पदराला पुसले आणि कापडाच्या कोऱ्या जागी पुन्हा दाबले. काही नाही. पिवळं ते पिवळंच.

"झाले शुद्ध!" मी म्हणाले. "घोटभर पाण्यात. एवढं स्वस्त पाप असतं तर समुद्र कशाला हवा?"

मांडवात कुजबुज पसरली. मी वळले. "बायांनो, हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं?"

बायकांच्या चेहऱ्यांवर काहीतरी हललं. मागून एक म्हातारी पुटपुटली, "लाल होतो."

"ह्या भस्मात सोडा आहे. ज्याच्या हातावर ते उरलं, त्याचा पंजा लाल. ज्यानं हात धुतले, त्याचा पिवळा. आता प्रत्येकानं आपल्या मनाला विचारा, पहिल्या सभेच्या दिवशी हाताला पाणी लावायची बंदी असताना मी हात कशाला धुतले होते?"

माना खाली गेल्या. पन्नासेक माणसांना एकाच वेळी आपलं दुपारचं जेवण आठवलं.

आरसेबाबा मुरलेले होते. ते आसनावरून किंचित पुढे झुकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, रंग सोड्याचा असेल. पण सोडा कुणाच्या हातावर ठेवायचा, हे तर देवच ठरवतो ना?"

आणि लोकांनी माना डोलावल्या! एका वाक्यात त्यानं सगळं परत गुंडाळलं होतं. मला कळलं की माझी बाटली, माझा सोडा, माझं शास्त्र इथे अपुरं पडणार. लोक रंगाला फसलेच नव्हते. शुद्ध ठरण्याची चव त्यांना लागली होती, आणि ती सोडायची तर प्रत्येकाला आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं. ते त्यांच्यापैकीच कुणीतरी करायला हवं होतं.

मी तात्यांसमोर जाऊन उभी राहिले. "तात्या, देवानं ठरवलं की बोंबलाच्या कालवणानं?"

तात्या उंचपुरे, करारी गृहस्थ. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी बाबाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस मला मांडवाबाहेर काढायला सांगणार.

तेवढ्यात किंजल किंचाळली.

आम्ही सगळे फळीकडे, बाटलीकडे, तात्यांकडे बघत होतो आणि जयवंतीची जागा रिकामी होती. किंजलच्या मुठीत पदर नव्हता. बाहेर, भर उन्हात, ती कमरेइतक्या पाण्यात पोचली होती, सरळ, एकदाही मागे न बघता चाललेली, आणि तिचा उजवा हात वर केलेला होता. माझा खुलासा तिच्यासाठी होता. तिनं तो ऐकायची वाट पाहिली नव्हती. तिचा निकाल फळीवर लागलाच नव्हता, तो तिनं स्वतःच कधीचा देऊन टाकला होता.

लाट आली आणि तो हात दिसेनासा झाला.

"जयू!" तात्यांचा आवाज फुटला. "जयू, परत ये! मी जेवलेला! आयच्यान जेवलेला मी त्या दिवशी!" आणि साठीचा तो माणूस धोतरासकट पाण्यात घुसला. त्याच्यामागे सुजित. त्याच्यामागे देवू, आणि मग कोण कोण. धावता धावता बायका ओरडत होत्या, "मीपण जेवलेली! जयवंती गं, मीपण!" किनाऱ्यावरून, पाण्यातून, तेच एक वाक्य. देवळात घंटा वाजावी तशी अख्खी आळी आपलं खोटं मोठमोठ्यानं ओरडत होती.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती निळी पडली होती. मी वाळूवरच तिच्या छातीवर दाब देत बसले. किती वेळ कुणास ठाऊक. खोकला आला, पाणी आलं, श्वास आला. मग मी रडले. मला लाज वाटत नाही सांगायला.

मांडवात परतून पाहिलं तर आसन रिकामं होतं. आरसा आपल्या गाडीत बसून केव्हाच निघून गेला होता. उशिरा पोचलेल्या पोलिसांनी फळी, धोतर आणि सोडामिश्रित राखेच्या गोण्या ताब्यात घेतल्या. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. ज्यांनी जागा दिल्या होत्या त्यांच्या वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. तात्या रोज सकाळी जयवंतीच्या पडवीत येऊन बसतात. चहा घेतात आणि जातात.

इथे गोष्ट संपवली तर वाचायला बरं वाटेल. पण मी डॉक्टर आहे, रोगी अर्धा बरा असताना बरा म्हणून लिहून देत नाही.

महिनाभरानं जयवंती हात दाखवायला आली. चिरा भरल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाली, "डाक्तरीणबाय, हळदीचा कळला मना. सोड्याचापण कळला. पण त्या पहाटे मी किनाऱ्यावर गेली नाय, ते तर खरा हाय ना?"

"खरं आहे," मी म्हणाले. "तू नवऱ्याशी भांडलीस. जगातली प्रत्येक बायको भांडते. त्याचं तुला वाईट वाटतं, कारण तुझा जीव होता त्याच्यावर. वाईट वाटणं वेगळं आणि गुन्हा वेगळा. तो भामटा ह्या दोन्हींत राख कालवून गेला."

तिनं मान हलवली. पटलं की नाही, मला सांगता येत नाही. बाजारात ती पुन्हा बसते, "ही कालची हाय" म्हणून पुन्हा ओरडते. पण किंजल सांगते, हळदीच्या डब्यात हात घालायच्या आधी आई अजून तळहात उलटासुलटा करून बघते. दर वेळी.

आरसेबाबा कुठेतरी असेलच. पकडला गेला तरी जामीन मिळेल, दाढी वाढेल, नाव बदलेल, हळदीऐवजी दुसरं काहीतरी येईल. रसायन दर वेळी ओळखता येईलच असं नाही, मलाही आलं नव्हतं. म्हणून रंगाकडे बघू नका, माणसांकडे बघा. तुमच्या गावात कुणी पाप शोधायला उतरला, तर तो कुणाला पकडतो ते नीट पाहा. लबाड सुटत असतील आणि सरळ माणसं खाली मान घालून बसली असतील, तर तिथेच उठून उभे राहा. घरातली हळद घ्या, चुलीतली राख घ्या, स्वतः करून बघा. तेही जमलं नाही, तर निदान भरल्या मांडवात मोठ्यानं एवढंच विचारा:

"महाराज, आज तुम्ही जेवलात काय? आणि जेवायच्या आधी हात धुतलेत काय?"